माळढोकाची सोयरीक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे आणि वर एक अटही घातली आहे. गाईम्हशींच्या रेतनाबद्दल फार बोलायचे नाही! ज्याने सगळी नोकरी पशुवैद्यकीत केली आणि त्यातली बहुतेक वर्षे पैदाशीच्या कामात घालवली, त्याला ही अट जरा जडच जाते. म्हणून मी विषय पक्ष्यांचा घेतला आहे. विषय आपल्या नान्नजच्या माळढोकाचा आहे. मात्र तिथे पोचण्यासाठी मला अमेरिका आणि न्यूझीलंडचा वळसा घ्यावा लागेल, आणि निघताना एका वळूचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. संयोजकांनी तेवढे माफ करावे.

आम्हा पैदाशीवाल्यांचा नियम सोपा असतो. उत्तम वळू निवडायचा आणि त्याच्या जास्तीत जास्त मुली जन्माला घालायच्या. गोठवलेल्या रेतमात्रा आल्यापासून एक वळू हजारो गाईंचा बाप होऊ शकतो. आपण ज्यांना एचएफ म्हणतो त्या होल्स्टीन गाईंच्या जातीत १९६२ साली अमेरिकेत 'चीफ' नावाचा एक वळू जन्मला. त्याच्या मुली दुधाला इतक्या चांगल्या निघाल्या की त्याच्या सोळा हजार मुली झाल्या. आज अमेरिकेत रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या होल्स्टीन वळूंचा पितृवंश चीफ आणि त्याच दशकातला दुसरा एक वळू, अशा दोघांवर येऊन थांबतो. लाखो जनावरे आणि बापाकडून घराणी दोन.

आता त्याची दुसरी बाजू पाहा. चीफच्या अंगात एका जनुकाची सदोष प्रत होती. एकच प्रत सदोष असेल तर जनावराला काही होत नाही, ते धडधाकट असते. पण आईकडून आणि बापाकडून अशा दोन्हीकडून तीच सदोष प्रत आली, तर गर्भ पोटातच मरतो. चीफचे नातू आणि नाती एकमेकांशी जुळू लागले तेव्हा हे घडू लागले. दोष नेमका कोणत्या जनुकात आहे ते सापडेपर्यंत जगभर सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दूध वाढले त्याचा फायदा त्याहून मोठा होता, म्हणून गोपालकांचे निभावले. पण ज्या जातीचे लाखो नव्हे, जेमतेम वीस-पंचवीस जीव उरले आहेत तिचे काय होईल?

अशा जातीची पैदास करताना आमचा नियम उलटा करावा लागतो. ज्याची पिल्ले भरपूर झाली त्याला थांबवायचे आणि ज्याचे एकही झाले नाही त्याच्या मागे लागायचे. उत्तम कोण हे विचारायचेच नाही. विचारायचे ते एवढेच की कोणाच्या घराण्याचा दिवा विझत आला आहे.

असे का, हे समजायला आपल्या गणिताच्या बाईंनी शिकवलेले अपूर्णांक पुरतात. प्रत्येक पिल्लात आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा वारसा येतो. एखाद्या पक्ष्याचे एकच पिल्लू झाले आणि तो मेला, तर त्याचा अर्धा वारसा कायमचा गेला. दोन पिल्ले झाली तर सरासरी पाऊण वारसा वाचतो. तिघांत आठापैकी सात भाग वाचतात. पाचव्या-सहाव्या पिल्लापर्यंत जवळजवळ सगळा वारसा पुढे गेलेला असतो. त्यानंतरची पिल्ले तीच तीच नाणी पुन्हा मोजल्यासारखी असतात. आणि पिंजऱ्यात जागा मोजकी असते. एकाची दहा पिल्ले वाढवली की दुसऱ्याच्या पिल्लाला जागा उरत नाही.

आणखी एक हिशेब सांगतो. समान वाटा घेणारे दहाच पक्षी पिढ्यान्पिढ्या राहिले, तर दर पिढीला त्यांच्यातल्या विविधतेचा विसावा भाग झडतो. दहा पिढ्यांत शंभरातले साठच उरतात. संख्या पन्नास असेल तर दर पिढीला शंभरावा भागच जातो. म्हणून पहिल्या काही पिढ्यांत संख्या भराभर वाढवायची आणि त्याच वेळी वाटेही सारखे ठेवायचे, अशी ही दुहेरी कसरत असते. शंभर वर्षांनंतरही सुरुवातीच्या विविधतेतली नव्वद टक्के शिल्लक असावी, असे उद्दिष्ट जगातल्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयांनी स्वतःसमोर ठेवले आहे.

ही कसरत ज्यांनी अगदी काठावरून केली, त्या कॅलिफोर्नियाच्या काँडोरची गोष्ट आता सांगतो. काँडोर म्हणजे तिकडचे मोठे गिधाड. पसरलेल्या पंखांची लांबी नऊ-साडेनऊ फूट. मादी एका वेळी एकच अंडे घालते आणि एक पिल्लू वाढवण्यात दोन वर्षे जातात. मेलेल्या जनावरांच्या अंगातल्या शिकारीच्या गोळ्यांचे शिसे पोटात गेल्याने, विषाने आणि बंदुकीने हे पक्षी मरत गेले. १९८२ साली जगात २२ काँडोर उरले होते. तेव्हा एक फार कठीण निर्णय घेण्यात आला. रानात उरलेला प्रत्येक पक्षी पकडून पिंजऱ्यात आणायचा. या निर्णयाला मोठा विरोध झाला. 'जायचेच असतील तर मोकळ्या आकाशात जाऊ द्या' असे म्हणणारी माणसेही निसर्गप्रेमीच होती. १९ एप्रिल १९८७ रोजी शेवटचा रानटी काँडोर पकडला गेला. त्या दिवशी जगात २७ काँडोर होते आणि सगळे बंदिस्त होते. ते सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन संस्थांमध्ये होते.

तिथून खरी सोयरीक जुळवायला सुरुवात झाली. पहिला प्रश्न अगदी घरगुती होता. यातले नर कोण आणि माद्या कोण? काँडोरचे नर-मादी दिसायला सारखेच असतात. त्याचे उत्तर रक्तातून मिळाले. आपल्यात एक्स-वाय गुणसूत्रे असतात आणि मुलगा की मुलगी हे वडिलांकडून ठरते. पक्ष्यांत हे उलटे आहे. नराजवळ झेड-झेड अशी जोडी असते आणि मादीजवळ झेड-डब्ल्यू. म्हणजे पक्ष्यांत लिंग आईकडून ठरते. मुलगा होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाई पक्ष्यांत असत्या तर निदान शास्त्राच्या दृष्टीने बरोबर ठरल्या असत्या! आता कोणत्याही पक्ष्याच्या रक्ताच्या थेंबावरून, किंवा पिल्लू बाहेर पडल्यावर कवचाच्या आतल्या पापुद्र्यात राहिलेल्या रक्तवाहिन्यांवरूनही, ही तपासणी करता येते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. यांतले कोण कोणाचे नातेवाईक? आपल्या भागात हेळवी येत असत. बैलावर बसून येणारे आणि चोपडी काढून घराण्याच्या दहा-बारा पिढ्या म्हणून दाखवणारे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे तशाच वह्या आहेत. प्राणिसंग्रहालयातही प्रत्येक जातीची अशी वही असते. प्रत्येक पक्ष्याला क्रमांक असतो आणि त्यापुढे आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्म, मृत्यू सगळे लिहिलेले असते. पण रानातून पकडलेल्या पक्ष्यांची वही कोण ठेवणार? वहीचे पहिले पानच कोरे होते. ज्यांच्यापासून आजचे सगळे काँडोर झाले ते मूळ पक्षी फक्त चौदा. हे चौदा एकमेकांना परके आहेत असे मानून जोड्या लावल्या आणि प्रत्यक्षात ते भाऊबहीण निघाले तर?

तेव्हा डीएनएचे ठसे घेण्याचे तंत्र नवे होते, गुन्हेगार ओळखण्यासाठी वापरले जाणारे. तेच या चौदा पक्ष्यांवर वापरले गेले. ठसे शेजारी शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की या मूळ पक्ष्यांचे तीन गट पडतात. एका गटातले पक्षी आपसांत जवळचे, गटागटांमध्ये अंतर जास्त. थोडक्यात तीन कुळे निघाली. मग जोड्या लावताना एका कुळातला नर आणि दुसऱ्या कुळातली मादी असे पाहिले जाऊ लागले.

इथे तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय, आपल्याकडे गोत्र पाहतातच. मी मुद्दाम या तुलनेवर थोडा थांबतो, कारण फरक महत्त्वाचा आहे. गोत्र फक्त वडिलांच्या बाजूने चालते. वीस पिढ्यांपूर्वी वेगळी झालेली दोन घरे सगोत्र ठरतात, पण रक्ताचा संबंध त्यांच्यात जवळजवळ उरलेला नसतो. उलट मामाची मुलगी गोत्राने परकी. तिच्याशी लग्न आपल्या अनेक घरांत रीतीला धरून होते. पण जनुकांच्या हिशेबाने ती सख्ख्या आतेमामे नात्यातली. अशा जोडप्याच्या मुलात कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आल्या असण्याची शक्यता सोळात एक असते. मामा-भाचीत ती आठात एक होते. पक्ष्यांच्या वहीत दोन्ही बाजू मोजल्या जातात. प्रत्येक पक्ष्याचे इतर सगळ्या पक्ष्यांशी, आणि स्वतःशीही, असलेले नाते आकड्यात मांडून त्याची सरासरी काढतात. ज्याची सरासरी सर्वांत कमी, त्याचे नातेवाईक जगात सर्वांत कमी. त्याचा नंबर आधी. त्याच्यासाठी जोडीदारही तसाच कमी नातेवाइकांचा शोधायचा. रूप, वजन, पंखांची चमक यांना त्या यादीत जागा नाही.

यात आणखी एक धोका टळतो. पिंजऱ्यात रमणारे, माणसाला न बुजणारे पक्षी आपोआप जास्त वितात. वाटे सारखे ठेवले नाहीत तर काही पिढ्यांत कोंबडीसारखी पाळीव जात तयार होईल आणि रानात सोडल्यावर ती पहिल्याच आठवड्यात संपेल. बुजरा, रागीट, पिंजऱ्यात नीट न जमणारा पक्षी हाच कदाचित रानात जगणारा असतो. शाळेत आपल्या मागच्या बाकावर कोण बसत होते आणि आज या सभागृहाचा खर्च कोणी उचलला आहे हे पाहिले, तर मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

काँडोरच्या बाबतीत एक पेच मात्र असा आला की तो वाचून मी स्वतः बराच वेळ विचार करत बसलो होतो. काही अंड्यांत पिल्ले ठेंगणी, आखूड हाडांची होऊन कवच फुटण्याच्या सुमारास मरू लागली. हा अनुवंशिक दोष होता आणि तो चीफच्या दोषासारखाच लपणारा होता. दोन्ही प्रती सदोष असतील तरच दिसणारा. हिशेब केल्यावर त्या सदोष प्रतीचे प्रमाण साधारण नऊ टक्के निघाले. म्हणजे सरळ गणिताने शंभरात सोळा-सतरा पक्षी वाहक, आणि जोड्या न पाहता लावल्या तर शंभरात एखादे पिल्लू बाधित. पण वाहक कोण हे ओळखणारी तपासणी तेव्हा नव्हती. वहीवरून फक्त संशय घेता येत होता, आणि संशयितांची यादी जवळजवळ निम्म्या पक्ष्यांपर्यंत पोचत होती.

माझ्या धंद्यातला माणूस म्हणाला असता की संशयित काढून टाका, पैदास शुद्ध करा. पण चौदा पूर्वजांपैकी काहींचा जवळजवळ सगळा वारसा याच संशयितांकडे होता. एक सदोष जनुक घालवण्यासाठी त्यांच्याजवळची हजारो चांगली जनुकेही जाणार होती, आणि त्यांत उद्याच्या एखाद्या रोगाला तोंड देणारेही असू शकत होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मार्ग सुचवला तो असा. संशयितांना पैदाशीतून काढू नका. फक्त दोन संशयितांची जोडी लावू नका. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलबाबत हाच सल्ला देतात. वाहक माणूस निरोगी असतो, त्याने लग्न जरूर करावे, फक्त जोडीदार वाहक नसावा हे पाहावे. दोष असलेल्याला वाळीत टाकणे आणि दोषासकट त्याला सांभाळून घेणे यांतला दुसरा मार्ग इथे केवळ दयेचा नव्हता, तो हिशेबानेही बरोबर होता.

या वहीने पुढे एक आश्चर्यही दाखवले. नियमाप्रमाणे प्रत्येक पिल्लाच्या आईबापांची डीएनएवरून खात्री केली जाते. नऊशेच्या वर काँडोरांचे नमुने असे तपासले गेले. त्यांत दोन नर असे निघाले की त्यांच्या अंगात कोणत्याही बापाची खूणच नव्हती. जे होते ते सगळे आईचे. २०२१ साली हे जाहीर झाले. दोन्ही आयांच्या पिंजऱ्यात नर होता, त्याच्यापासून त्यांना पिल्लेही झाली होती, तरी ही दोन अंडी फलनाशिवायच वाढली. आणि ते नरच का, हे झेड-डब्ल्यूवरून समजते. एकट्या आईच्या वारशाची दुप्पट झाली की झेड-झेड होतो किंवा डब्ल्यू-डब्ल्यू. डब्ल्यू-डब्ल्यू जगत नाही, झेड-झेड म्हणजे नर. एक जेमतेम दोन वर्षे जगला, दुसरा आठाच्या आत गेला. काँडोर पन्नास-साठ वर्षे जगू शकतो. त्यामुळे जातीला या प्रकाराचा आधार नाही. पण वही तपासत राहिलो तर निसर्ग अजूनही काहीतरी नवे सांगतो, एवढे खरे.

१९८८ साली पिंजऱ्यात जुळलेल्या जोडीचे पहिले पिल्लू जन्मले. पहिले अंडे काढून घेतले की मादी दुसरे घालते, हे कळल्यावर संख्या वाढू लागली. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून काँडोरच्या डोक्याची बाहुली हातात घालून भरवले गेले. १९९२पासून पक्षी रानात सोडू लागले. आज काँडोर पाचशेच्या वर आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक मोकळे आहेत.

न्यूझीलंडचे उदाहरण थोडक्यात सांगतो. काकापो हा तिकडचा न उडणारा पोपट. १९९५ साली ५१ पक्षी होते. त्यांतले जवळजवळ सगळे एका बेटावरच्या वंशातले, आणि मुख्य भूमीवरच्या वंशातला फक्त एक नर. १९७५ साली सापडलेला. त्याचे नाव रिचर्ड हेन्री. त्या एका म्हाताऱ्यात एका संपूर्ण प्रदेशाचा वारसा होता. १९९८ साली त्याची तीन पिल्ले झाली. मघाचा अपूर्णांक आठवा, तीन पिल्ले म्हणजे आठात सात. २०१०च्या अखेरीस तो मेला तेव्हा तो पूर्णपणे गेला नाही, तो या तिघांमुळे. काकापो पिंजऱ्यात नाहीत, बेटांवर मोकळे आहेत. पण कोण कोणाजवळ ठेवायचा आणि कोणाचे कृत्रिम रेतन करायचे हे तिथेही जनुके पाहून ठरते.

आता घरी येऊ. माळढोक. नर उभा राहिला तर माणसाच्या कमरेच्या वर, वजन पंधरा किलोपर्यंत. जमिनीवरच राहणारा, जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालणारा. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. नान्नजचे अभयारण्य १९७९ साली झाले. २०११पासून ही जात जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. आज देशात दीडशेही रानटी माळढोक उरले नसावेत, बहुतेक जैसलमेरकडे. आपल्या नान्नजला गेल्या काही वर्षांत गणनेत एखाददुसराच दिसतो.

माळढोकाच्या जनुकांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाच राज्यांतून नमुने घेतले होते, त्यांत बरीच गळालेली पिसे होती. आईकडून येणाऱ्या डीएनएत अगदी मोजकेच प्रकार सापडले आणि राज्याराज्यांत फरक असा दिसला नाही. यातली वाईट बातमी ही की या जातीची विविधता आधीच फार कमी आहे. चांगली बातमी ही की राजस्थानचा माळढोक, गुजरातचा माळढोक आणि आपला माळढोक यांच्यात भिंत घालण्यासारखे काही नाही. कच्छमध्ये आता काही माद्याच उरल्या आहेत, नर नाही. त्यांची सोयरीक राजस्थानात होऊ शकते. पक्ष्याला राज्याची सीमा नसते हे आपण भाषणात म्हणतोच, इथे ते प्रयोगशाळेतून आले आहे.

२०१९पासून जैसलमेरजवळ सम इथे रानातली अंडी आणून उबवण्याचे काम सुरू झाले. केंद्र सरकार, राजस्थान वनविभाग आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था मिळून ते करतात. होऊबारा या माळढोकाच्या भाऊबंदाची पैदास करणाऱ्या अबुधाबीच्या संस्थेचे त्यांना साहाय्य आहे. रामदेवरा इथे दुसरे केंद्र आहे. २०२३ साली तिथल्याच पक्ष्यांपासून पहिले पिल्लू झाले. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले माळढोक पिल्लू जन्मले. रामदेवऱ्याच्या नराचे रेत समच्या केंद्रावर नेऊन तिथल्या मादीत सोडले. ही बातमी वाचली तेव्हा मला काय वाटले असेल याची कल्पना माझ्या व्यवसायबंधूंना येईल. नराला महिनोन्‌महिने शिकवावे लागले होते. आमचा वळू त्या मानाने फार समजूतदार.

इथे जनुकशास्त्राचे काम नेमके काय? माळढोकाचे नर एका ठरावीक माळावर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट उभारून माद्यांना बोलावतात. मादी नर निवडते आणि पुढचा संसार एकटी करते. अशा जातींत बहुधा थोडेच नर बहुतेक पिल्लांचे बाप होतात. म्हणजे दहा वेगवेगळ्या घरट्यांतून आणलेल्या दहा अंड्यांचा बाप एकच असू शकतो. वरून पाहता दहा घराणी, प्रत्यक्षात सावत्र भावंडे. हे अंड्याकडे पाहून कळत नाही, डीएनएवरूनच कळते. काँडोरच्या वहीचे कोरे पान हेच होते. ते वेळेवर भरले तर नातवंडांच्या पिढीत चीफची गोष्ट पुन्हा घडणार नाही. आणि रेतन जमले याचा अर्थ असा की पक्ष्याला शेकडो किलोमीटर न हलवता योग्य जोडी लावता येईल. पुढे रेत गोठवून ठेवणे साधले तर मेलेल्या नराचा वाटाही राखता येईल.

पण मित्रांनो, सोयरीक जमली तरी नांदायला घर लागते. काँडोर पाचशेवर गेले, तरी रानात ते मरतात त्याचे सर्वांत मोठे कारण आजही शिसेच आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. जनुके कितीही नीट जुळवली तरी विष पचवणारा पक्षी तयार करता येत नाही. तसाच विजेची तार चुकवणारा माळढोकही तयार करता येणार नाही. त्याचे डोळे दोन्ही बाजूंना आहेत, समोरचे त्याला कमी दिसते, आणि इतक्या जड पक्ष्याला ऐन वेळी वळता येत नाही. तारांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्यातले काही जण त्याच गावांत शेती करतात. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, बाजारपेठा, बागायती सगळे आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि या पक्ष्याचे नाव काढले की माणसे चिडू लागली. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. त्या चिडण्यात तथ्य होते. पण त्याच काळात पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस आला, आणि उरलेल्या माळाला आपण 'पडीक' म्हणू लागलो. माळढोकाला ज्वारी, करडई, हरभऱ्याचे शेत चालते. तो टोळ खातो, किडे खातो. त्याला ऊस आणि तार चालत नाही.

म्हणून माझे तुमच्याकडे मागणे तीनच गोष्टींचे आहे. पहिली, माळाला पडीक म्हणू नका आणि त्यावर झाडे लावू नका. गवताचा माळ हे अपुरे राहिलेले जंगल नव्हे. तिथे लांडगा, काळवीट, धाविक, चंडोल यांचा संसार आहे. आज दुपारचे आपले वृक्षारोपण शाळेच्या आवारात आहे, तिथे मी कुदळ घेऊन हजर राहीन. पण पुढच्या वर्षी शाळेमागच्या माळावर हजार रोपे लावण्याचा जो ठराव चर्चेत आहे, त्याला माझा विरोध नोंदवून घ्यावा. दुसरी, आपल्यातले जे वीजखात्यात आहेत, सरपंच आहेत किंवा सौरऊर्जेच्या धंद्यात आहेत, त्यांनी माळावरून नवी लाइन जाताना एकदा हा प्रश्न विचारावा. तिसरी, गावच्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त. जमिनीवरच्या एकुलत्या एका अंड्याला कुत्रे फार होतात.

राजस्थानातली पिल्ले वाढतील. कधीतरी प्रश्न येईल की यांतले काही कुठे सोडायचे. तेव्हा नकाशावर ज्या जागा पाहिल्या जातील त्यांत नान्नज असावे की नसावे, हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. ते इथल्या माळावर ठरेल. सोयरीक जुळवणारे त्यांचे काम चोख करत आहेत. घर राखून ठेवणे आपल्याकडे आहे.

 आणि विज्ञानाचे सर पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते, ती होकाराची होती असे समजून मी खाली बसतो.